मांजरीसाठी घर बघण्याचा कार्यक्रम

आमच्या गावात मांजर कोणी आणत नसे, मांजर येत असे. एखादी गाभण मांजर माळ्यावरच्या पेंढ्यात शिरायची, तिथेच पिल्लं घालायची आणि मग ती त्या घरची झाली असं सगळे धरून चालायचे. खरं तर ज्या घरी त्या दिवशी मासळी आली, त्या घरची ती असायची. तिला नाव नसायचं, ती काय खाते याची चौकशी कोणी करायचं नाही, आणि एक दिवस ती दिसेनाशी झाली की तिच्या जागी दुसरी आलेली असायची. त्यामुळे मी जेवताना जेव्हा जाहीर केलं की मला एक मांजर दत्तक घ्यायची आहे, त्यासाठी फॉर्म भरायचा आहे आणि मग दोन माणसं आपलं घर बघायला येणार आहेत, तेव्हा पप्पांचा घास हातातच राहिला. आत्याला ठसका लागला. आईने मात्र एवढंच विचारलं, "किती माणसं म्हनालीस? जेवायला थांबतील का?"

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते, अलिबागच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाची परीक्षा नुकतीच संपली होती आणि सबंध सुट्टी पुढे पडली होती. आज माझे केस आमच्या कांद्याइतके पांढरे झाले आहेत आणि जिना चढताना मी मधेच कठडा धरून उभी राहते, पण त्या सुट्टीतले पंधरा-वीस दिवस आठवले की अजूनही माझं बोलणं भरभर होतं. ऐकणारे म्हणतात, जरा दमाने सांगा. दमाने सांगण्यासारखं ते नाहीच. मी त्या दिवसांत दमाने काही केलंच नव्हतं, आणि घोटाळा झाला तोही त्यामुळेच.

आमचं घर मोठ्या रस्त्यापासून जरा आत, शेताच्या बांधाला लागून. भात निघाला की त्याच जमिनीत पप्पा पांढरा कांदा लावायचे. कंपनीतली पाळी संपवून ते थेट शेतात जायचे, अंगावर कंपनीचा निळा शर्ट तसाच. कांदा काढून सावलीत सुकला की पातीसकट त्याच्या माळा विणायच्या. दुपारी ओटीवर आई आणि आत्या समोरासमोर पाय पसरून बसायच्या, मधे कांद्यांचा ढीग, आणि हात असे चालायचे की बघणाऱ्याला पात कुठली आणि बोटं कुठली ते कळू नये. सुक्या पातीची सळसळ, आत्याच्या बांगड्या, शेजारच्या घरातला टीव्ही, आणि रस्त्यावरून हॉर्न वाजवत जाणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या, एवढे आवाज दिवसभर. विणलेल्या माळा ओटीवरच्या बांबूंना टांगलेल्या असत आणि आत-बाहेर करताना डोक्याला लागत. जेवणात तर कांदा कुठे नव्हता ते विचारा. भरपूर कांदा घातलेला सुका जवळा, कांद्यावर परतलेली करंदी, वालाच्या बिरड्यात कांदा, तांदळाच्या भाकरीबरोबर बुक्कीने फोडलेला कांदा. आमचा कांदा गोड, डोळ्यांत पाणी न आणणारा. पप्पा तो आलेल्या-गेलेल्याला कच्चा खायला लावायचे आणि त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. कोणी "वा" म्हटलं नाही तर त्या माणसाबद्दल त्यांचं मत कायमचं वाईट होई.

मांजर मला सापडली ती शेताकडे जाताना, रस्त्याखालच्या मोरीत. आधी नुसता आवाज आला, घोगरा आणि चिडलेला. वाकून बघितलं तर तांबड्या-काळ्या ठिपक्यांची एक मोठी मांजर, गालात मासे धरायचा गळ रुतलेला, त्याची नायलॉनची दोरी पुढच्या पायाला करकचून गुंडाळलेली. समुद्रावर हौसेने मासे धरायला येणारे लोक तुटलेले गळ वाळूतच टाकून जात, त्यातलाच एक असणार. मी ओढणी टाकून तिला धरलं. तिने माझ्या अंगठ्याच्या बुडाशी दात रोवले. मी किंचाळले, तीही किंचाळली, पण मी सोडलं नाही. तो वण अजून आहे, हात धुताना रोज दिसतो. ओढणीत बांधलेली मांजर पायाशी ठेवून मी स्कूटी किहीमच्या दिशेने दामटली, कारण तिकडे जखमी जनावरं सांभाळणारी काही मंडळी आहेत असं मैत्रिणीने कधीतरी फोनवर दाखवलं होतं.

ती मंडळी म्हणजे पगाराशिवाय काम करणारी दहा-बारा माणसं. कोणी शाळेत शिकवणारं, कोणी बँकेत, दोन-तीन कॉलेजातली मुलं. मुंबईत राहणाऱ्या एका मालकाने आपल्या नारळाच्या वाडीतल्या दोन पत्र्याच्या शेड त्यांना वापरायला दिल्या होत्या. एका शेडमध्ये कुत्रे, एकीत मांजरी, मधे पाण्याची टाकी आणि सारखं वाळत घातलेलं धुणं. सगळा कारभार नीलाताईंच्या हातात होता. त्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. जनावरांशी मऊ आणि माणसांशी कडक. दुसरे इम्तियाजचाचा, एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर, जे आता संस्थेचा टेम्पो चालवायचे आणि टेम्पोतही प्रत्येक थांब्यावर मागे वळून "बसले का सगळे?" असं कुत्र्यांना विचारायचे. डॉक्टर अलिबागहून येऊन गळ काढून गेले. नीलाताईंनी माझ्या अंगठ्याला पट्टी बांधली, मला इंजेक्शन घ्यायला पिटाळलं आणि म्हणाल्या, "बरं केलंस आणलंस. आता घरी जा."

मी घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत आले. तिसऱ्या दिवशीही. नुसतं बघायला येणारी माणसं नीलाताईंना आवडत नसत, म्हणून त्यांनी माझ्या हातात झाडू दिला. मग मी मांजरींची रेतीची घमेली साफ करू लागले, टोपभर चिकन उकडून त्यातली हाडं काढू लागले, औषधाची गोळी जिभेच्या मागे कशी ढकलायची ते शिकले. माझी मांजर पिंजऱ्याच्या कोपऱ्यात बसून कोणी हात घातला की पंजा मारायची, म्हणून चाचांनी तिचं नाव चिंबोरी, म्हणजे खेकडी, ठेवलं. आठव्या दिवशी मी पिंजऱ्यासमोर बसून केळं खात होते. चिंबोरी उठली, लंगडत आली आणि माझ्या पट्टी बांधलेल्या अंगठ्यावर तिने डोकं घासलं. एकदाच. मी इतकी हुरळले की केळ्याचं साल खिशात घालून घरी गेले. ही मांजर माझी आहे, आणि ती माझ्याकडेच येणार, हे त्या क्षणी माझ्यापुरतं ठरून गेलं.

नीलाताईंच्या बाजूने काहीच ठरलं नव्हतं. "तू इथे काम करतेस म्हणून सूट नाही," त्या म्हणाल्या. फॉर्म भरायचा, त्या आणि चाचा मांजरीला घेऊन घर बघायला येणार, माणसांशी बोलणार, आणि मग हो किंवा नाही. शिवाय किहीमला बंगला बांधलेल्या मुंबईच्या एका जोडप्यानेही चिंबोरीसाठी फॉर्म भरला होता. त्यांच्या घरी खिडक्यांना जाळ्या, आधीची म्हातारी मांजर नीट सांभाळलेली, सगळं चोख. मांजर मी आणलेली म्हणून माझं घर आधी बघणार. आम्ही नापास झालो तर रविवारी सकाळी ते दोघे येऊन तिला नेणार. फॉर्मबरोबर नीलाताईंनी मला एक कागद दिला, मांजरीला काय द्यावं आणि काय देऊ नये याचा. तो मी वाडीच्या फाटकाशी, स्कूटीवर बसूनच वाचला. काय देऊ नये यात पहिलीच ओळ होती: कांदा, कोणत्याही स्वरूपात.

मी ती ओळ तीनदा वाचली. मग कागदाची घडी घातली, तिची आणखी घडी घातली आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकली. माझा हिशेब साधा होता. घरी हे कळलं तर पप्पा म्हणणार, आपल्या कांद्याला विष म्हणणारी माणसं माझ्या ओटीवर नकोत, आणि विषय संपणार. एकदा मांजर घरात आली की मी तिचं वेगळं शिजवीन, कोणाला पत्ताही लागणार नाही. एकोणीस वर्षांच्या मुलीला आपण फार हुशार आहोत असं वाटत असतं. मला तर जरा जास्तच वाटायचं.

घरी आधी नकार आलाच. "गावात बारा मांजरी फिरतान, त्यातली एक पकड ना," पप्पा म्हणाले. "फॉर्म भरून मांजर? उद्या कावळ्याला अर्ज करशील." मी दोन दिवस धुसफुसले, तिसऱ्या दिवशी रडले, चौथ्या दिवशी फोनवर चिंबोरीचा डोकं घासतानाचा व्हिडिओ आईला दाखवला. आईने तो चारदा बघितला. मग ती पप्पांना म्हणाली, "कणगीत उंदीर झालेन. येऊ दे की." कणगीत उंदीर दरवर्षीच होत, पण आईने ठरवल्यावर पप्पांचं फारसं चालत नसे. आणि एकदा "येऊ दे" झाल्यावर मात्र घराचा नूरच पालटला. आमच्याकडे कोणी "घर बघायला" येणार याचा अर्थ एकच होता. माझ्या चुलतबहिणीच्या वेळी जे झालं, ते सगळं सुरू झालं.

आईने पितळेची भांडी घासली. आत्याने ठेवणीतलं काठापदराचं लुगडं काढलं आणि मलाही साडी नेसायला सांगितलं. मी म्हटलं, "अगं आत्या, मला बघायला नाही येत, मांजरीसाठी येतायत." "व्हय, पन घर तुझंच बघनार ना?" आत्या म्हणाली आणि तिने साडी माझ्या हातात दिली. पप्पांनी त्या गुरुवारी रजा घेतली. गेल्या कित्येक वर्षांत लग्न आणि मयत सोडून त्यांनी रजा घेतलेली मला माहीत नव्हती. सकाळपासून ते शिडीवर होते. त्या हंगामातल्या सगळ्यात देखण्या, एकसारख्या गोल कांद्यांच्या माळा त्यांनी निवडल्या आणि ओटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तोरणासारख्या लावल्या. खाली उतरून कमरेवर हात ठेवून बघत म्हणाले, "आता नाय बोलून दाखवा म्हणावं." सांगायची वेळ होती ती तेव्हाच. मी तोंड उघडलंही, पण नेमका बाहेर टेम्पो वाजला.

नीलाताई आणि चाचा आले, चाचांच्या हातात चिंबोरीची टोपली. पाणी झालं, चहा झाला, कांदेपोहे झाले. पप्पांनी दोघांना कच्चा कांदा खायला लावला. चाचा म्हणाले, "सुभानअल्ला, ये तो फळ आहे!" तेव्हा पप्पा खुर्चीत जरा मागे रेलले. नीलाताई विहिरीला झाकण आहे का ते बघून आल्या, खिडक्या बघितल्या, आईला दवाखाना किती लांब आहे ते विचारलं. मग टोपली उघडली. चिंबोरी बाहेर आली, कान मागे, पोट जमिनीला. तिने एक खुर्ची हुंगली, आत्याच्या लुगड्याचा काठ हुंगला, आणि सरळ चालत येऊन माझ्या पायाला अंग घासलं. आत्या ओरडली, "गो बाय, वळख हाय तिला!" नीलाताईंच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा हसू बघितलं. आम्ही पास झालो होतो, मला दिसत होतं.

आणि आई आतून ताटली घेऊन आली. पाहुणी घरात आलेली, तिला उपाशी कसं ठेवायचं? भातावर मांदेलीचं कालवण, त्यात पप्पांचा निवडक कांदा, घरातल्या माणसांना वाढते त्याहून जास्त. "आमच्यात जे हाय ते तिला," आई कौतुकाने म्हणाली आणि ताटली खाली ठेवली. चिंबोरीने तोंड घातलं. मी ओरडले की नुसतं मनातच ओरडले, ते आजही सांगता येत नाही. नीलाताई मात्र त्यांच्या वयाला न शोभणाऱ्या चपळाईने उठल्या आणि त्यांनी ताटली खस्सकन ओढली. अर्धं कालवण त्यांच्या साडीवर सांडलं. "कांदा आहे यात? अहो, कांदा मांजरीला विष! रक्त नासतं तिचं, दोन-तीन दिवस कळतसुद्धा नाही!" त्यांनी चिंबोरीला उचललं, तोंड उघडून बोटाने आतलं पुसून काढलं. आई पदराला हात पुसत उभी राहिली, पुसतच राहिली.

"विष?" पप्पा उठून उभे राहिले. "माझा कांदा विष? मुंबईची मानसं गाडी थांबवून नेतान, आन् विष?" नीलाताई म्हणाल्या, माणसांना नाही, मांजरींना. पप्पांनी ते ऐकलंच नाही. ज्या कांद्याचं तोरण लावलं त्याच्याच खाली उभं राहून परक्या बाईने त्याला विष म्हटलं होतं. "घेऊन जावा तुमची मांजर," ते म्हणाले. नीलाताई ओटीवरच्या माळांकडे, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, "या घरात नाही देता येणार. वाईट वाटून घेऊ नका." चाचांनी टोपली उचलली. टेम्पो गेला. आत चुलीवर उरलेलं कालवण तसंच होतं आणि ते कोणी जेवलं नाही.

आई पायरीवर बसून रडत होती. "मी तिला मारलं का गो?" ती मला विचारत होती. "माझ्या हातानं घातलं. मना कोनी सांगितलंच नाय." माझ्याच्याने ते बघवेना. मी पर्समधून तो कागद काढला, सगळ्या घड्या उलगडल्या आणि तिच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, "मला माहीत होतं. तुम्ही नाही म्हणाल म्हणून मी सांगितलं नाही." आईने कागद वाचला आणि आत्याला दिला. आत्याने तो दोन्ही हातांनी, साप धरावा तसा, पप्पांना दिला. पप्पांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी कागद वाचला, शिडी आणली आणि ते तोरण उतरवलं. त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही, आणि त्याला कारण मांजर जाणार हे नव्हतं. ती मरेल आणि आई आयुष्यभर स्वतःला दोष देईल, हे होतं. आता एवढ्या वर्षांनी मला वाटतं, मोठं होणं वगैरे जे म्हणतात ते माझ्या बाबतीत त्या एका दुपारीच झालं असावं. त्याआधीचे वाढदिवस नुसतेच गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाडीवर जायला स्कूटी काढली तर पप्पा मागे येऊन बसले. अंगात कंपनीचा निळा शर्ट, पाळीला उशीर करून आलेले. शेडमध्ये चिंबोरी खात होती. नीलाताईंनी तिचा ओठ वर करून हिरड्या दाखवल्या, छान गुलाबी. "दोनच घास गेले असतील. डॉक्टर बघून गेलेत, आज-उद्या लक्ष ठेवायचं," त्या म्हणाल्या. मला एकदम हसू आणि रडू दोन्ही फुटलं. पप्पांनी तिच्या हिरड्या वाकून नीट बघितल्या आणि मग औषधाच्या दुकानात फवारणीबद्दल विचारावं तसे प्रश्न विचारायला लागले. कच्चाच वाईट, का शिजलेलापन? पात? सालपट पडलं जमिनीवर तर? माझे हात शेतातून आले नि तिला लावले तर? नीलाताई एकेकाचं उत्तर देत होत्या. सगळं विचारून झाल्यावर पप्पा म्हणाले, "आमचं चुकलं. घरात कोनाला म्हायती नव्हती. पोरीचा दोष नाय."

पप्पा खोटं बोलत नसत. कंपनीत, बाजारात, कुठेच नाही. माझ्यासाठी त्यांनी ते खोटं इतक्या सरळ चेहऱ्याने सांगितलं की मला ते सहन झालं नाही. मी गप्प राहिले असते तर कदाचित चिंबोरी मिळाली असती, हे मला त्या क्षणीही कळत होतं. "मला माहीत होतं, नीलाताई," मी म्हटलं. "कागद मी वाचला होता. लपवून ठेवला. आईला खरंच माहीत नव्हतं."

चाचांनी हातातली बादली खाली ठेवली. नीलाताई माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "सांगितलंस ते बरं केलंस. पण तुला मी मांजर देणार नाही, प्राची. औषध लपवणारी नर्स मी वॉर्डात ठेवली नसती." त्यांचं बरोबर होतं, म्हणून जास्तच लागलं. मी मान खाली घालून चपलांचे पट्टे बघत होते. तेवढ्यात शेजारून पप्पांचा आवाज आला.

"तिला नका देऊ. मना द्या."

मी मान वर केली. पप्पा नीलाताईंकडे बघत होते. "आमची बहीन चातुर्मासात कांदा खात नाय," ते म्हणाले. "कांद्याचं घर हाय, पन चार महिने तिचा टोप वेगळा, पळी वेगळी, चूलपन आधी तिची पेटते. त्या टोपाला आमच्यातला कोन हात लावत नाय. तसाच एक टोप हिचा चढंल. चार महिने नाय, बारा महिने. माळा मी मागच्या पडवीत घेतो, दाराला जाळी मारतो. मासे धरायची नको, बारीक तारेची. तुम्ही येऊन बघा. सांगून येऊ नका." इतकं मोठं भाषण त्यांनी आमच्या घरी कधी केलं नव्हतं. नीलाताई म्हणाल्या, बघते. एवढंच.

पप्पांनी त्या दिवशी पाळी बुडवलीच. दुपारभर हातोडीचा आवाज. मी खिळे धरले, आईने पडवी झाडली, आत्या तिच्या टोपाशेजारी ठेवायला एक नवा लहान टोप शोधत होती आणि तो कोणी वापरायचा नाही हे घरभर बजावत फिरत होती. तिच्या व्रतात आता एक जोडीदार आली होती आणि तिला ते मनापासून पटलं होतं. शनिवारी सकाळी आम्ही कोणी आवरलेलं नसताना टेम्पो आला. आईच्या केसांना तेल होतं, पप्पा दाढीच्या साबणात. नीलाताई नमस्कार-चमत्कार न करता आत गेल्या. चुलीवर छोट्या टोपात नुसत्या पाण्यात मांदेली शिजत होती आणि विळी अजून कोरडी होती, कांदा चिरायचा होता. त्यांनी झाकण उघडून वास घेतला. पडवीच्या दाराची जाळी ओढून बघितली. मग आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "माझ्या साडीवरचा डाग गेला हो. तुम्हीही तो आता विसरा." आणि पप्पांना म्हणाल्या, "दुपारी येऊन घेऊन जा. त्या मुंबईच्या लोकांना मी फोन करते. कागद तुमच्या नावावर होईल."

मी ओटीवरून खाली उडी मारली आणि बांधावरून पळत सुटले, कुठे ते मलाही ठाऊक नव्हतं. शेजारच्या काकू विचारत होत्या, काय झालं गो, निकाल लागला का? मी म्हटलं, "हो!"

दुपारी फॉर्मवर पप्पांनी सही केली, सावकाश, पूर्ण नाव लिहून. माझं नाव त्या कागदावर कुठेच नव्हतं. चाचांनी टोपली पप्पांच्या हातात दिली, टोपलीत वाकून चिंबोरीला "खुदा हाफिज, बेटा" म्हटलं आणि डोळे पुसले. मी स्कूटी सुरू केली. पप्पा मागे बसले, टोपली छातीशी धरून, दोन्ही हातांनी. आनंदाने माझ्या कानशिलात ठोके पडत होते, गाडी आपोआपच पळायला लागली, आणि पहिल्याच वळणावर मागून पप्पांनी माझ्या पाठीत बोट खुपसलं.

"हळू चालव," ते म्हणाले. "माझी मांजर हाय."